'तिसरी पाळी'चा दुसरा अल्बम

मॅटाडोरमध्ये पडदे खाली, आम्ही वर.
राजवाड्याच्या खांबाला टेकून मी बसलेलो,
प्लायवूडचा खांब, सोनेरी रंग अजून बोटाला लागतो.
वडसा मागे पडलं. धानाच्या बांध्या कापून झालेल्या.
इंद्रपालने मोबाईल स्टीलच्या गडव्यात उभा केला,
गडवा हाच आमचा स्पीकर,
आणि म्हणाला, "आयका, आला पोरांचा दुसरा."

पोरं चंद्रपूरची.
बापांनी कोळशात काढलेली पाळी
त्यांनी बँडच्या नावात घेतली.
पहिला अल्बम नुसत्या गिटारींचा होता,
पत्र्यावर गोटे ओतावेत तसा.
मला पाठ. आरमोरीपर्यंत गाडीवर
ओरडत गेलोय मी तो, तोंडात चिलटं जाईपर्यंत.
या खेपेला म्हणे कॉम्प्युटर घेतलाय सोबत.

पहिल्या गाण्यात गिटार येते दोन मिनिटं उलटल्यावर.
तोवर टिकटिक,
आणि खालून एक लांबच लांब घरघर.
"डीपी जळून राह्यली का कोनाची?" मुखरूजी म्हणाले.
बत्तीस वर्षं ऑर्गनचा भाता पायाने हाणणारा माणूस,
त्यांच्या लेखी वीज म्हणजे उसनी हवा.
इंद्रपाल म्हणाला, "आधीचाच बरा होता.
आता पुन्यावानी वाजून राह्यले."
हेमलता, जी सत्ताविसाव्या वर्षी
रोज रात्री एका इन्स्पेक्टरची आई होते,
वेणी घालता घालता म्हणाली,
"गाते कुठं थो पोरगा? मोजते फक्त."

मी गप्प.
मी ऑक्टोपॅडवाला.
माझ्या आठ रबरी चौकोनांत
ढोलकी आहे, घोडा आहे, वीज कडाडते,
सातव्यावर एक बाळ रडतं जे कुणालाच झालं नव्हतं.
मी कोणत्या तोंडाने यंत्राला नावं ठेवू?

तरी सांगतो, तिसरं गाणं फसलंय.
गिटारला साखरेच्या पाकात घोळून काढलीय,
हात लावला की चिकटते.
चौथं आलं कधी, गेलं कधी, कळलं नाही.
पण पाचवं.
पाचव्यात गिटार किंचित मागे राहते
आणि यंत्र तिच्यासाठी थांबत नाही.
तेवढ्या फटीत मला बाप दिसला,
राइस मिलच्या पट्ट्याला पोतं लावताना,
पट्टा त्याच्या वेगात,
बापाचा हात अर्धा ठोका उशिरा,
रोज, सगळ्या पोत्यांना, तेवढाच उशिरा.
मिलमधले हसायचे. मीही हसलोय एकदा.

हे कुणाला सांगितलं नाही.
गाडी दणकली, गडवा आडवा झाला,
सहावं गाणं खांबाखाली गेलं.

त्या रात्री तिसऱ्या अंकात, पहाटे सव्वातीनला,
खुनाच्या प्रवेशाला मी वीज वाजवली नाही.
मोबाईलवरून काढलेली ती घरघर
सहाव्या चौकोनावर बसवली होती.
मुखरूजींनी मान वळवून असं पाहिलं
की माझी एक काठी सुटली.
मग त्यांचा पाय भात्यावर गेला
आणि खालचा एकच सूर त्यांनी धरून ठेवला,
थरथरता, माणसाच्या दमाचा,
माझ्या न थकणाऱ्या घरघरीच्या शेजारी.
हेमलता वाक्य विसरली.
विसरली ते बरंच झालं.

सकाळी चहाच्या टपरीवर
घोंगडीतला एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता,
"नाटक गंज झ्याक झालं.
पन खुनाच्या टायमाले मोटर कोनाची चालू होती बे?
किती पानी वाया गेलं असन."

परतीच्या गाडीत गडवा मुखरूजींनी स्वतः घेतला,
मांडीवर, नातवाला घ्यावं तसा.
"पाचवं लाव," म्हणाले. "डीपीवालं नोको."
इंद्रपालचं मत अजून तेच आहे.
तिसरं आलं की
आम्ही सगळेच खिडकीबाहेर बघतो.