दोन भोंगे म्हणजे नाही

"आपला संगणक पात्र नाही," पडद्यानं कळवलं.
खाली एकच बटण: ठीक आहे.
नोल्बेर्तोला ते दाबवेना.
सत्तावीस वर्षं तो दालकावेच्या फेरीबोटीवर
अपात्र ठरलेली इंजिनंच चालवत आलाय.

मग लिसान्द्रो, शाळेतला तंत्रज्ञ,
ओल्या कोटाच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढतो,
टेबलावर ब्रेडच्या चुऱ्यात ठेवतो.
"लिनक्स. पण कुठलं, ते तुम्ही ठरवा."

म्हणे पळसाला पानं तीनच.
इथे तर पानंच पानं.
मिंट साधं, वयस्कांना बरं
(वयस्क कोण? तो बावन्नचा आहे).
आर्च म्हणजे बोट स्वतः बांधायची, पहिल्या खिळ्यापासून.
डेबियन खडकासारखं,
आणि घाईही खडकाइतकीच.
फेडोरा त्यानं नावावरून निवडलं असतं, टोपी आहे त्याच्याकडे.
शेवटी निकष एकच उरला:
पोरगी पुंता अरेनासला, आईपाशी.
रविवारी रात्री नऊला खेळायला बसते.
रविवारपर्यंत जे चालू होईल, ते.

मिंट, तर.

शुक्रवारी पडदा काळा.
ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर रुसलेला,
कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकते फक्त.
पासवर्ड टाइप करतो,
तर अक्षर नाही, साधा ठिपकाही नाही.
त्याला वाटतं, कीबोर्ड मेला.
"लिहीत राहा," लिसान्द्रो फोनवर,
"ते ऐकतं. दाखवत नाही एवढंच."
असं एक माणूस नोल्बेर्तोच्या ओळखीचं आहे,
चौदा वर्षांचं.

ऑइल बदलल्याच्या तारखांची वही,
कडांना ग्रीसचे अंगठे.
तिच्यात "१२ मे, फिल्टर"च्या खाली
तो एकेक आज्ञा उतरवतो,
टिंबासकट, आडव्या रेघेसकट,
चुकलेल्याही. चुकलेल्यांवर फुली.

शनिवारी कळलं, खेळ बोलतात विंडोजची बोली.
मधे दुभाष्या बसवायचा, प्रोटॉन नावाचा.
दुभाष्या आधी घसा साफ करतो:
"शेडर तयार होत आहेत",
तीन टक्के, चार, चार, चार.
किटली दोनदा उकळते.
कंट्रोलरवर ए म्हणजे बी झालंय आणि बी म्हणजे ए.
ते तो तसंच ठेवतो. हाताला सवय होईल.

रविवार, नऊ.
मिलारायच्या गोळीबाराच्या खेळात
रखवालदार दारातच हटकतो:
या यंत्रावर विश्वास नाही.
नोल्बेर्तोनं काहीसुद्धा केलेलं नाही.
तरी वही उलटीसुलटी वाचतो, फुल्या मोजतो.
"हे तुमच्या हातात नाही," लिसान्द्रो म्हणतो,
"तुमच्यासाठी त्यांनी दारच ठेवलेलं नाही."

नऊ वाजून वीस. तो लिहून पाठवतो:
तुझ्या खेळाला माझं यंत्र चालत नाही.
अकरा मिनिटं काही नाही.
चुलीत लाकूड सरकवतो. सरकवलेलं परत सरकवतो.
मग: "बरं. तो जुना ट्रकवाला आहे का?"

आहे.
चिखल, ओंडके, चढ,
सेकंदाला एक्केचाळीस चित्रं.
साठ हवीत, ती म्हणते, पण चालेल.
तिचा आवाज येतो, स्वच्छ, जणू चुलीमागून.
त्याचा जात नाही.
माइक यादीत आहे, हिरवा आहे, मुका आहे.
"पप्पा? ऐकू येतंय?"
तो ट्रकचा भोंगा वाजवतो.
ती हसते. "एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही."
भोंग्याचं त्याला कोण शिकवणार!

जेवलास? एक.
गुडघा बरा आहे? एक.
जरा थांबून, आणखी एक.

आसापर्यंत रुतलाय तो.
तिचा ट्रक वळून येतो, दोर टाकतो.
"आता गॅस देऊ नकोस. मी ओढते."
देत नाही.
दोर ताणला जातो, पडद्यावर चिखल उडतो,
आणि मधेच, जसं काही सहज:
"जुलैत येणारेस?"

धक्का सोडताना बोट एकच भोंगा देते, लांबलचक.
बटणावरचा अंगठा तो उचलतच नाही.

वहीत त्या रात्रीची नोंद एवढीच:
माइक. घाई नाही.