नियमावर बोट

मार्च सरता सरता
आर्ब्रोथच्या बंदरावरून धुरावलेल्या माशांचा वास येतो,
आणि हिशेबनीस कॅलमचा फोन:
"एल्स्पेथ, पुन्हा बदललंय."

काय काय, ते मी पावाच्या पाकिटावर लिहून घेते.
किमान वेतन. आजारपणातला पगार.
सुट्टीचे तास मोजायची नवी रीत,
जी मागच्या वर्षीच्या नव्या रीतीला
आत्ताच जुनी म्हणू लागलीय.

चौदा माणसं, तीन यंत्रं, कुरकुरणारा एक बॉयलर.
हॉटेलांच्या चादरी येतात, जातात.
डाग कसला, मी दारातूनच सांगते:
वाइन, रक्त, बूटपॉलिश.
पण "वाजवी" या शब्दावरचा डाग
मला अजून ओळखता येत नाही.
वाजवी मुदत. वाजवी विनंती. वाजवी नकार.
रात्री इस्त्रीच्या टेबलावर कलमं पसरते,
एकाची घडी घालावी तर दुसरं उलगडतं.
नाकी नऊ म्हणतात ते नऊ
मी एकेक करून मोजलेत.

वडिलांचं बरं होतं.
शुक्रवारी बिस्किटाच्या डब्यातून तपकिरी पाकिटं,
बाकी सगळा कायदा त्यांच्या मिशीत.
निदान मला तसं वाटायचं.
पाकीट घेणाऱ्यांना कधी विचारलं नाही.

काल रात्री सत्ताविसावं पान.
नवजात बाळ इस्पितळात असेल तर
आईला, बापालाही, जादा रजा.
मी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

फिनले गेडिस. आमची व्हॅन चालवतो.
नऊ वर्षांपूर्वी इथेच, या टेबलापाशी उभा होता,
टोपी हातात, अजून एक आठवडा मागत.
त्याची मुलगी डंडीला, काचेच्या पेटीत,
दोन पिशव्या साखरेपेक्षाही हलकी.
मी पुस्तक उघडलं. ओळीवर बोट ठेवलं.
दोन आठवडे लिहिलंय, फिनले. ते संपले.
एक शब्दही खोटा नव्हता.

तो कामावर आला.
महिनाअखेर व्हॅनचे मैल जुळेनात,
रोजचे चौतीस जास्त.
मी विचारलं.
त्यानं खिशातून पेट्रोलचे पैसे काढले,
टेबलावर नाणी मांडली, छोटी आधी, मग मोठी.
आणि मी ती मोजून घेतली.

आज नोटीस छापली, फलकावर लावली,
जुन्या चार नोटिसांच्या वर.
चहाचा मग घेऊन फिनले आला. वाचत राहिला.
मधल्या एका ओळीवर त्याचं बोट थांबलं,
तिथेच राहिलं.
ओठ हलले, आठवडे मोजत असावा.
मग म्हणाला, "टाचणी सैल आहे,"
अंगठ्यानं ती आत दाबली,
आणि मॉन्ट्रोजच्या चादरी घेऊन गेला.

दुपारी कॅलम: "सगळं लावलंस ना?
पुढच्या सोमवारपासून लागू."
मी विचारलं, मागच्या तारखेपासून काही?
तो हसला. "मागच्या तारखेपासून
कुणी मागतं का, एल्स्पेथ? मालक तर नाहीच."

वरातीमागून घोडं, पण आलं तर खरं.
मी डबा खाली काढला. बिस्किटाचा, वडिलांचा.
चौतीस गुणिले किती दिवस,
वही कुठेतरी असेल.
संध्याकाळी व्हॅन परत येईल तेव्हा
त्याला काय म्हणायचं,
हे कुठल्याच पानावर नाही.