मागची भिंत

नऊ वर्षं आयलीला दमा होता.
म्हणजे कागदावर.
ती खोकली की धक्क्यावरचे समुद्रसिंह
माना वळवून उत्तर द्यायचे,
आणि अ‍ॅस्टोरियाच्या पोस्टात
लोक रांगेत तिला पुढे जाऊ द्यायचे,
जरा लांबूनच.

मग पोर्टलंडला एका मशीनमध्ये निजवून म्हणाले,
आता जोरात श्वास सोडा.
पडद्यावर तिची श्वासनलिका:
घेताना वाटोळी,
सोडताना बीजेची कोर,
तीही ढगाआड.

डॉक्टर रेबोलेदो म्हणाली, पुढच्या कड्या धड आहेत,
मागची भिंत सैल पडलीये.
मी म्हणालो, आमच्या शेडचंही तेच.
कोणी हसलं नाही.
आयली हसली,
आणि खोकल्याने तिला चादरीसारखं दुमडून टाकलं.

डॉक्टरने टेबलावर जाळीचा तुकडा ठेवला.
पांढरा. दोन बोटं रुंद.
मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
चाळीस वर्षं कोलंबिया नदीवर जाळी विणली, सांधली,
बापाच्या लाकडी सुईने.
धंदा काय, तर सॅमनने डोकं घालावं,
कल्ले अडकावेत,
श्वासाला जागा उरू नये.
ही जाळी उलट्या कामाची.
ताणून पाहिली.
गाठ कुठली मारता, विचारलं.
तिने दोऱ्याचं टोक घेऊन दाखवली.
अजून एक वेढा द्या, म्हणालो.

सहा तास.
उजव्या बरगड्यांमधून शिरून,
फुफ्फुस बाजूला सारून,
ती सैल भिंत टाक्याटाक्याने जाळीला बांधत होते,
आणि मी खाली कॅन्टीनमध्ये
पार्किंगच्या पावतीला पेनाच्या टोकाने
भोकं पाडत होतो.
निघताना ती पावती फाटकावर कोणी घेईना.

शुद्धीवर आली तेव्हा पहिला शब्द नळीमागून:
सौना.
चूल विझवलीस का, असं विचारत होती.
विझवली नव्हती.
विझवली म्हणालो.

आता एप्रिल.
पहाटे तीनला भुंकणं ऐकून दचकतो,
अंधारात पाण्याचा पेला चाचपतो,
तिच्या पाठीखाली हात घालतो.
जखमेची रेघ अजून गरम लागते.

झोप रे, मी नाही ती,
धक्क्यावरचे आहेत मेले,
आणि शेडची भिंत कधी करणारेस,
ती म्हणते.

सबंध वाक्य.
मध्ये कुठेही न थांबता.