पापणीएवढं लोखंड

क्लोव्हरची दुसरी कापणी पडली होती,
उलटवायची राहिली होती, एवढ्यात
तळ्याकडून ते आलं, खालून, फारच खालून,
शेताभोवती एक फेरी मारली
आणि गायी नाहीत तो कोपरा बघून
परक्या घरी टेकावं तसं
कडेकडेने उतरलं.

वाळत घातलेलं गवत मात्र
उडून दोनात्सच्या बार्लीत पडलं.
ते आता त्याचं की माझं
हे अजून ठरलेलं नाही.

धूर नाही. जाळ नाही.
कॅप्टन तालिवाल्दिस हेल्मेट काखेत धरून
बांधापर्यंत चालत आला, आधी माफी मागितली.
दिवा लागला, म्हणाला. पिवळा. मसुराएवढा.
इंजिन बंद पडलं?
नाही, चालू होतं.
आवाज बदलला?
नेहमीचाच.
मग?
मग काही नाही. दिवा लागला की उतरायचं.

इंगूना त्यांची तंत्रज्ञ, कोपरापर्यंत तेलात.
एक बूच फिरवून काढलं तिने,
पांढऱ्या फडक्यावर पुसलं,
आणि फडकं उन्हात तिरकं धरलं तेव्हा दिसली
पापणीच्या केसाएवढी लोखंडाची कोर.
एवढ्यासाठी आठ माणसं माझ्या गवतात.

"तेलात लोहचुंबक असतं, काका,"
ती समजावू लागली, शाळेतल्या पोराला सांगतात तसं.
थांब, म्हटलं. माझ्या राइबाल्याच्या पोटातही आहे.
थट्टा वाटली तिला.
अगं, गाय कुठे निवडून खाते!
तारेचा तुकडा, खिळा, कुंपणाचं टोक,
जिभेखाली आलं ते गेलं.
आणि पोटाच्या पडद्यापलीकडे लगेच काळीज.
म्हणून बोटाएवढं चुंबक गिळायला द्यायचं,
एकदाच, जन्मभरासाठी.
लोखंड तिथे धरून ठेवतं ते, पुढे जाऊ देत नाही.

इंगूनाचा हात फडक्यावरच थांबला.
"आणि तिचा दिवा कुठे लागतो?"
तेवढं नाही, म्हटलं.
तेवढं तिच्या डोळ्यांत बघावं लागतं.

आईला विसरलोच होतो.

ती तळघरात होती, बटाट्यांच्या ढिगामागे,
चौऱ्याऐंशी वर्षांची,
मांडीवर फडक्यात बांधलेला पाव.
"कोणाचे आहेत?"
आपलेच, आई.
"आपल्याकडे आहेत?"
आहेत आता.
"आता," ती म्हणाली, आणि बराच वेळ उठली नाही.

संध्याकाळी वर आली. पाव पहारेकऱ्याला दिला,
कोवळं पोर, सोळाचं वाटावं असं.
दिव्याची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली.
मग कॅप्टनला म्हणाली,
"माझ्या बापालाही दिवे दिसले होते.
मार्च महिना. वळणावर, लॉरीचे, दोन.
म्हणाला, दुसऱ्या कोणाकडे जात असतील.
आणि सूप संपवायला बसला."

कोणी काही विचारलं नाही.
रातकिडे आपलं काम करत राहिले.
तिने त्याच्या बाहीवरचं गवत झटकलं.
"तू उतरलास," म्हणाली. "बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकने एक खोकं आलं,
आणि चारच्या सुमारास ते गेले.
नुकसानीच्या फॉर्मवर मी लिहिलं,
चाकांचे खड्डे तीन, गवत अर्धा हेक्टर,
आणि कंसात, गवत सापडलं आहे, दोनात्सला विचारा.
इंगूनाला गोठ्यातलं एक जास्तीचं चुंबक दिलं.
तिने खिशात टाकलं
आणि तिचे सगळे पाने त्याला जाऊन चिकटले.

आता दूध काढायच्या वेळी आई येते,
राइबाल्याच्या बरगडीला कान लावून उभी राहते.
गायीलाही सवय झाली आहे, शेपूट हलवत नाही.
काय ऐकतेस, विचारलं तर
"काही नाही," म्हणते.
आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.