निव्वळ वजन

कुपवाडच्या एमआयडीसीत, इलाही शिकलगारच्या शेडमध्ये
आम्ही दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर,
तिसऱ्या खुर्चीवर जेवणाचा डबा आणि फंडाचं पासबुक.
"ओढायचं घर की चालवायचं घर, तेवढं सांगा काकी,
पत्रा मी उद्याच कापायला घेतो."

सुकुमार म्हणतात, ओढायचं.
एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर बसलेला माणूस.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
उरेल तो ऊस.
त्यांच्या हिशोबात प्रत्येक गोष्ट सुटी करता आली पाहिजे.
कॅरॅव्हॅन असली की कशी,
झाडाखाली उभी करायची, पिन काढायची
आणि बोलेरो घेऊन दूध आणायला मोकळं.
"मोटारहोमचा क्लच गेला तर घरच गॅरेजात.
मग झोपायचं कुठं? जॅकवर?"

मी म्हणते, इंजिन आणि ओटा एकाच छपराखाली बरा.
आमच्यात जेवण दिवस मावळायच्या आत.
चाळीस वर्षं सूर्याशी शर्यत लावून भाकरी थापली मी.
खंबाटकीच्या घाटात ऊन कललं
तर घाट उतरल्यावर गाडी कडेला घ्यावी,
दोन पावलं मागं जावं, गॅस पेटवावा.
चप्पल शोधायला नको, कुलूप काढायला नको.

"आणि ओढायच्या घरात, चालू असताना, बसता येतं का रे?"
"छे छे. माणसं पुढं, गाडीत."
"म्हणजे घर मोकळंच येणार आमच्या मागनं?"
"मोकळंच. भांडी तेवढी वाजतील."

हे काही मला बरं वाटलं नाही.
मोकळं घर आहे की आम्हाला, विश्रामबागेत,
श्रेणिक बंगळूरला गेल्यापासून.
ते आणखी गावोगाव ओढत कशाला न्यायचं?

मग रिव्हर्सचा विषय निघाला आणि हे खुलले.
रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा हात हलवून बोलले.
"जोडगाडी मागं घेताना सगळं उलटं असतं.
डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं.
गळिताच्या दिवसांत, रात्री दोनला,
पोरं ट्रॉली अशी मागं घालायची, वीतभर जागेत,
तोंडात मावा, कानात गाणी."
तुम्ही घेतलीय कधी?
थांबले.
"मी वजन करायचो."

इलाहीनं मग वाद घातला नाही, खडू घेतला.
शेडमध्ये जागा एकाच घराची होती,
म्हणून पांढऱ्यावरच लाल काढलं.
पांढरं ओढायचं, लाल चालवायचं.
"आता हिंडून बघा. फुकट आहे."
हे दारातून वाकून आत गेले.
दार म्हणजे जमिनीवरच्या दोन रेघा,
तरी वाकले.
पलंगावर आडवे झाले, शर्टाची पाठ सिमेंटची,
म्हणाले, पाय बाहेर जातायत.
वेल्डिंगचा पोरगा ग्राइंडर घेऊन चालला होता,
तो भिंत ओलांडेना, वळसा घालून गेला.

मी ओट्यापाशी उभी.
पांढऱ्यात ओटा इथंच, लालमध्येही जवळपास इथंच,
चार बोटांचा फरक.
शटरखालून ऊन आत आलं होतं, तांबूस,
घड्याळ बघायची गरज नव्हती.
डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी, मुगाची उसळ.
हे उठून बसले, माझ्या बाजूला सरकले.
इलाहीला म्हटलं ये, तो बाहेरच उभा राहिला,
खडू कानाला लावून.
"मग काकी, पांढरं का लाल?"

तोंडात घास होता.
मी हातानंच दाखवलं,
ही खिडकी बारीक वाटते, मोठी काढ.
"किती मोठी?"
सुकुमारनी दोन्ही हात पसरले.
पासबुकाकडं एकदा बघितलं,
आणि अजून थोडे पसरले.

इलाहीनं चपलेनं जुनी खिडकी पुसली.