एक तासाला एक तास

आउस्मा आली तेव्हा दुकानात हीटर बंद होता.
त्याचं आणि कॉम्प्युटरचं एका सॉकेटवर पटत नाही.
तिनं कोट काढला नाही. बॅग मांडीवर,
बॅगेत टॉवेल, टॉवेलात कॅसेट,
अंडी आणावीत तशी.

लिएपायात चालता व्हिडिओ रेकॉर्डर
बहुधा माझ्याकडेच उरलाय.
समुद्राच्या खाऱ्या हवेनं बाकीच्यांचे पट्टे खाल्ले,
माझा मी दर हिवाळ्यात स्पिरिटनं पुसतो,
का ते विचारू नका.

रेकॉर्डरच्या पाठीला एकवीस दातांची चपटी कवळी,
कॉम्प्युटरला गोल पिवळं तोंड.
दोघं एका टेबलावर, जन्माचा अबोला.
मध्ये मी, सोयरीक जमवणारा,
ड्रॉवर उपसतोय: ही आखूड, हिची पिन वाकलेली,
ही कशाची कोण जाणे, पण टाकवत नाही.

पिवळी चित्राची. पांढरी आवाजाची.
तांबडी उजव्या कानाची.
या टेपला उजव्या कानात सांगण्यासारखं काही नाही,
तांबडी तशीच लोंबू दिली.
आउस्मा चष्मा घरी विसरलेली, म्हणून आणखी एक वायर,
कॉम्प्युटरमधून फळीवरच्या जुन्या टीव्हीत.
निळा पडदा. निळा पडदा.
मग पिन जरा दाबून धरली, तर बर्फ.

"किती वेळ?"
"टेप केवढी?"
"तासाची."
"मग एक तास."
"एवढा कॉम्प्युटर असून?"
काय सांगणार? जेवढं घडलं
तेवढं सगळं पुन्हा घडू द्यावं लागतं त्याच्यासमोर,
तेव्हा कुठे तो लिहून घेतो.
मध्ये दुसरं काम सांगितलं की ठेचकाळतो.

शाळेचं पटांगण. एक सप्टेंबर, एक्क्याण्णव.
मुलांच्या हातात राखाडी ग्लॅडिओलस,
राखाडी फिती, राखाडी कोटात झाने.
"लाल होता," आउस्मा म्हणाली.
"नाविकांच्या क्लबचा मखमली पडदा उतरवला ना त्या आठवड्यात,
त्याचाच शिवला मी, दोन रात्रींत.
ती म्हणते तपकिरी.
कॉर्कमध्ये अळंबी भरते डब्यांत, रविवारी फोन करते,
आणि रविवारी आम्ही कोटावरून भांडतो."

चूक माझीच. मी पॅल लावून बसलो होतो.
तेव्हा इथं सेकाम होतं,
आकाशातून रंग मॉस्कोच्या हिशेबानं यायचे.
मेनू उघडला, एक ओळ खाली, एंटर.

लाल.
कोटात मावेना इतका, शिवणीबाहेर ओघळलेला,
मागच्या भिंतीवर, शेजारच्या मुलाच्या गालावर.
अठरा वर्षं टेपमध्येच होता.

मला वाटलं आता फोन काढेल,
जिंकल्याचं कळवेल कॉर्कला.
ती कोटाकडे बघतच नव्हती.
"जवळ ये," टीव्ही म्हणाला, "अजून जवळ. थांब."
आणि खोकला, माइकच्या अगदी तोंडाशी.
इमान्त्स. कॅमेरा त्याच्या हातात,
क्लबमधून एका दिवसापुरता, कोन्याकच्या बाटलीवर आणलेला.
म्हणजे तो कुठेच दिसणार नाही,
हे तिला माहीत होतं. ऐकू येईल
हे कसं कोण जाणे, लक्षात आलं नव्हतं.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला त्यानं कॅमेरा घरी
कुठेतरी ठेवला आणि बंद करायला विसरला.
टेबलाचा पाय. फरशी.
टेबलाचा पाय.
मी माउसला हात लावला. "इथून पुढचं कापू?
काही नाहीये."
"एक तास म्हणालास ना?"

हात मागे घेतला.
बोटं बधिर झालेली, ती काखेत घातली.
टेबलाच्या पायाशी मांजर येऊन गेलं.
वर कुणीतरी बटाटे सोलत होतं,
कुणीतरी मीठ मागितलं, कुणी दिलं नाही, हसू आलं.
आउस्मा हळूच पुढे सरकली खुर्चीत,
आणि साल बादलीत पडण्याआधी
तिनं मान हलवली,
आत्ता.