गळती

रात्रीचे दोन वाजून दहा. मात्सुए.
तळ्यावरचं धुकं पार्किंगपर्यंत आलंय.
टेबलावर कागेयामा तोकुजी, वय अठ्ठ्याहत्तर,
तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं,
हिमोग्लोबिन सहा.
दुर्बीण वरून घालून झाली, खालून घालून झाली,
मधे उरलं वीस फुटांचं वेटोळं, अंधारं,
ते आता आमच्या वाट्याला.

शिशाचा एप्रन चढवता चढवता मी सवयीनं विचारते,
पूर्वी काय काम करायचात?
माणूस बोलता राहिला की कमी हलतो.
"पाणीखात्यात होतो. गळती ऐकायचो."
ऐकायचात?
"रात्री, गाव निजलं की.
लांब लोखंडी दांडा, एक टोक व्हॉल्व्हवर,
दुसरं कानाला.
एकेचाळीस वर्षं."

डॉक्टर फुकुमांनी जांघेतून वाट काढली.
तार वर सरकली, महाधमनीत चाचपडली, वळली, शिरली.
"श्वास घ्या. सोडा. रोखा."
मी बटण दाबते.
यंत्र मणके वजा करतं, बरगड्या वजा करतं,
आतड्यातला वारासुद्धा वजा,
आणि पडद्यावर उरतं काही
कांद्याची पात धुतल्यावर मुळ्या दिसतात तसं,
नाजूक, काळं, स्वच्छ.
कुठंच काही सांडत नाही.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.
या कामाची गोम हीच:
वाहत असेल तरच दिसतं.
क्षणभर थांबलं की सगळ्या धमन्या सज्जन,
चोर गेल्यावर
दाराला कडी लावून बसलेल्या घरासारख्या.

चिएरीनं रक्ताची चौथी पिशवी टांगली.
रक्तदाब एकशे अठरा.
बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला
हसत सांगावा असा आकडा.
आणि मी काचेमागे, बटणावर बोट ठेवून,
मनात म्हणत होते:
वाहा.
थोडं तरी वाहा.

"सापडत नाही ना?" चादरीखालून आवाज आला.
नाही.
"मग दांडा उचलू नका.
आपण पाठ फिरवली की ती बोलायला लागते.
मी तिथंच उकिडवा बसायचो, सिगारेट न पेटवता.
कितीदा तरी उजाडलं असं."
फुकुमांचा हात तार मागे ओढायला निघालेला,
तो तिथंच राहिला.
त्यांनी स्टूल ओढून घेतलं.
कुणी काही बोललं नाही. एसी तेवढा बोलत होता.

तीन चाळीसला चिएरी म्हणाली, ब्याण्णव.
मग, अठ्ठ्याऐंशी.
आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं
आणि खोटं कशाला बोलू,
तिघांच्याही मास्कवरचे डोळे उजळले होते.

"श्वास घ्या. सोडा. रोखा."
मुळ्या उमटल्या, फिकटल्या, विरून गेल्या,
आणि डावीकडे वर
एक डाग मागे राहिला.
मुगाच्या दाण्याएवढा. विरेना.
पसरत होता.
"दिसलं!" मी ओरडले,
लॉटरी लागल्यावर ओरडतात तशी.

"कुठं?"
जगेन का, असं नाही विचारलं त्यानं.
कुठं.
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
चष्मा नव्हता, तरी बराच वेळ बघत राहिला.
"पाइप कुठल्या सालचा?"
तुम्हीच सांगा, मी म्हटलं.
"सेहेचाळीस." आणि चादर हलली, हसत होता.
"लढाईनंतरचं लोखंड. वाईटच असायचं."
हलू नका, फुकुमा म्हणाले.

दोन मिलिमीटरच्या कॉइल, तीन.
केसासारखी तार आत जाऊन स्वतःभोवती गुंडाळली गेली.
डाग आला नाही पुन्हा.

रिपोर्टात फुकुमांनी शाखेचं नाव लिहिलं,
सक्रिय रक्तस्राव, नियंत्रित,
रंगद्रव्य इतके मिली, किरण इतके मिनिटं.
माझ्या त्या "वाहा"ला तिथं रकाना नाही.
असता तरी भरला असता का, माहीत नाही.

ट्रॉलीवर घेताना त्याची कागदी टोपी सरकली.
उजवा कान.
पाळीच्या वर, कडेला, कातडी जाड, चपटी,
टाचेला असतो तसा घट्टा.
कानाला घट्टा मी कधी पाहिला नव्हता.
बोट लावून बघू का, विचारणार होते.
तोवर लिफ्ट आली.